चाक्या म्हसोबाची चाके कोण बदलत होते?

१/
१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने तिला ओढत होती. ना बैल, ना घोडा, तरी गाडी पळते! या लोखंडी दैवताला लोकांनी ‘चाक्या म्हसोबा’ म्हटल्याची आठवण मराठीत आजही सांगितली जाते. त्या म्हसोबाची चाके झिजली तेव्हा ती कोणी, कुठे आणि कशी बदलली, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
पाठ्यपुस्तकातील रेल्वे ठाण्याला पोहोचते आणि तिथेच थांबते. तोफांची सलामी, शामियाना, मेजवानी, संपले. प्रत्यक्षात रेल्वेची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. इंजिन विकत घेता येते. ते तीस-चाळीस वर्षे चालते ठेवणे ही निराळी विद्या आहे. मुंबईत ही विद्या आधी भायखळ्याला आणि मग परळला रुजली. तिचा सर्वांत अवघड धडा होता चाकांचा.

३/
प्रथम आपली बैलगाडी आठवावी. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवतीचे लाकडी वर्तुळ आणि त्यावर बसवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे ‘धाव’. लाकूड रस्त्याला लागत नाही, धाव लागते. झिजते तीच आणि बदलायचीही तीच. लोहार धाव आगटीत तापवतो, ती फुगली की चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. थंड होताना ती आवळते आणि साऱ्या चाकाला करकचून धरते.

४/
वाफेच्या इंजिनाचे चाकही तत्त्वतः असेच होते. मधोमध आस, त्याच्या दोन टोकांवर दाबून बसवलेले लोखंडी गाभे, आणि प्रत्येक गाभ्यावर पोलादी धाव. आस आणि दोन चाके मिळून होतो एक ‘व्हीलसेट’, म्हणजे चाकजोड. बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक फिरते. रेल्वेत दोन्ही चाके आसाला घट्ट जोडलेली असतात आणि तिघे मिळून एकत्र फिरतात. पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

५/
धावेचा पृष्ठभाग सपाट नसतो, किंचित उतरता असतो. आतल्या अंगाला उभी कड असते, तिला फ्लँज म्हणतात. वळणावर गाडीला सांभाळण्याचे बरेचसे काम हा उतारच करतो. फ्लँज ही शेवटची राखणदार. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम बोटाच्या नखाएवढी. मोठ्या इंजिनात एकेका आसावर १५ टनांहून अधिक भार असे. तो सारा भार एवढ्याशा जागेतून रुळावर उतरतो. पोलाद झिजणारच.

६/
त्यात मुंबईचे दुर्दैव, किंवा भाग्य म्हणा, असे की शहराच्या दारातच सह्याद्री उभा आहे. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. चढ १:३७, म्हणजे ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर. चढताना चाके घसरून जागच्या जागी फिरत. उतरताना ब्रेकचे ठोकळे धावेवर सतत घासत, धाव तापे, आणि तापलेली धाव गाभ्यावर सैल होण्याचा धोका असे. लोहार जे मुद्दाम करतो, ते घाट नको त्या वेळी करत होता.

७/
जीआयपी रेल्वेचा पहिला कारखाना भायखळ्याला होता. ठाण्यापर्यंतच्या ३४ किलोमीटरसाठी तो पुरेसा होता. पण १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता जोडली गेली, १८७१ मध्ये रायचूर गाठले. मार्ग वाढला, इंजिने वाढली, झिजलेल्या चाकांचे ढीगही वाढले. अखेर १८७९ मध्ये इंजिनांचा कारखाना परळला आला.

८/
तेव्हाचे परळ म्हणजे एकीकडे गव्हर्नरचा जुना बंगला, जिथे पुढे १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा आली, आणि दुसरीकडे वाढत्या गिरण्या. शेजारी लोअर परळला बीबीसीआय रेल्वेचा कारखाना. १९१५ मध्ये माटुंग्याला डब्यांचा कारखाना सुरू झाला. लालबाग-परळ म्हटले की आज गिरणगाव आठवते. सूत कातणाऱ्या त्या वस्तीला लागूनच लोखंड कातणारी एक वस्ती होती, हे सहसा आठवत नाही.

९/
आता कारखान्यात शिरू. इंजिन आले की प्रथम त्याचे जोडदांडे सोडवले जात. मग क्रेनने इंजिनाचे धड उचलत आणि खालून चाकजोड एकेक करून ढकलत बाहेर काढत. बॉयलर एका खात्यात, सिलिंडर दुसऱ्या, चाके तिसऱ्या. दुरुस्त होऊन इंजिन पुन्हा उभे राहताना त्याच्याखाली तीच चाके परत येतीलच, असे नसे. तयार असलेली दुसरी जोडही लावली जाई.

१०/
चाकांची पहिली दुरुस्ती म्हणजे कातकाम. अख्खा चाकजोड अजस्र लेथवर चढवून दोन्ही चाके एकाच वेळी फिरवत आणि झिजून बिघडलेला आकार पुन्हा कातून काढत. इथे टर्नरची कसोटी लागे, कारण जोडदांड्यांनी बांधलेल्या साऱ्या चाकांचा व्यास सारखा हवा. एका चाकाला बरे करायचे तर इतरांनाही तेवढेच कातावे लागे. सर्वांत झिजलेले चाक उरलेल्यांचे माप ठरवी.

११/
एका मिलिमीटरने काय बिघडते? हिशेब करून पाहू. दीड मीटर व्यासाचे चाक मुंबई ते पुणे या १९२ किलोमीटरच्या प्रवासात सुमारे ४०,७०० फेरे घेते. दुसऱ्या चाकाचा व्यास १ मिमी कमी असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांत ते सुमारे १२८ मीटर मागे पडेल. पण दांड्याने बांधलेले असल्याने त्याला मागे पडता येत नाही. म्हणून ते रुळावर घसटत जाते, दांडे ताणले जातात आणि झीज आणखी वाढते.

१२/
कातून कातून धाव पातळ होई. नव्या धावेची जाडी साधारण तीन इंच असे. ठरलेल्या मर्यादेखाली ती गेली की उतरवावीच लागे. मग येई खरा सोहळा, नवी धाव चढवण्याचा. धावेचा आतला व्यास गाभ्यापेक्षा मुद्दाम कमी ठेवत, साधारण हजारात एक भाग. म्हणजे दीड मीटरच्या चाकाला फक्त दीड मिलिमीटर. फरक याहून कमी ठेवला तर धाव सैल, जास्त ठेवला तर थंड होताना तडकण्याची भीती.

१३/
धाव चहूबाजूंनी सारखी तापवत. अडीचशे अंशांनी तापमान वाढले की दीड मीटरची पोलादी धाव जवळपास साडेचार मिलिमीटरने रुंदावते. दीड मिलिमीटरची तूट भरून निघते आणि वर तीन मिलिमीटर मोकळीक मिळते. तेवढ्या फटीत गाभा उतरवायचा. बसला तर बसला. तिरका अडकला तर धाव निवत जाते आणि अर्ध्यावरच आवळते. मागे घ्यायला सवड नसते.

१४/
सारे काही जुळले की धाव निवत निवत गाभ्याला धरे. घसरू नये म्हणून कडेला पोलादी कडीही बसवत, पण मुख्य पकड आकुंचनाचीच. पुढे रुळावर आल्यानंतरही ही पकड कानांनी तपासली जाई. स्थानकात गाडी थांबली की लांब दांड्याच्या हातोड्याने चाके ठोकत जाणारा माणूस अनेक जुन्या प्रवाशांच्या आठवणीत आहे. घट्ट धाव घंटेसारखी वाजते; सैल किंवा तडकलेली बद्द आवाज करते.

१५/
तरीही एक गोष्ट उरते, काटकोन. इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात. दोन्हींचे दट्टे एकाच वेळी टोकाला पोहोचले तर इंजिन अडून बसेल. म्हणून एका चाकजोडातील डाव्या आणि उजव्या क्रँकपिनमध्ये ९० अंशांचे अंतर ठेवतात. हा कोन सर्व चाकजोडांत अगदी सारखा हवा. एका जोडात तो किंचित हुकला, तरी दर फेऱ्याला जोडदांडे अडकतात.

१६/
गंमत अशी की इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती जमवणाऱ्यांनाही नेमका हाच प्रश्न भेटतो. जुन्या प्रतिकृतींच्या चाकांची फ्लँज जाड असते आणि नव्या, नाजूक रुळांवर ती अडखळते. म्हणून चाकजोड बदलावे लागतात आणि बदलताना तोच काटकोन सांभाळावा लागतो. पुण्यात कोथरूडला जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात धावत्या प्रतिकृती पाहताना हे ध्यानात ठेवावे. आकार तळहाताएवढा असला तरी भूमिती परळचीच आहे.

१७/
हे काम करणारे कोण होते? कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे या भागातील चाळींत राहत होती. कोणी गिरणीत गेला, कोणी रेल्वेच्या कारखान्यात. फिटर, टर्नर, लोहार, खलाशी. देखरेखीच्या वरच्या जागा दीर्घकाळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसांच्या हाती राहिल्या. पहिल्या गाडीच्या इंजिनांची नावे इतिहासाने जपली आहेत. त्यांची चाके चालती ठेवणाऱ्या माणसांची नावे मात्र सहसा सापडत नाहीत.

१८/
आणि धावा कुठून येत? प्रारंभीच्या काळात धावा घडीव लोखंडाच्या असत. त्या लवकर झिजत आणि सांध्यावर फुटत. १८५० च्या दशकात जर्मनीत एसेन येथे आल्फ्रेड क्रुप यांनी बिनसांध्याची पोलादी धाव सिद्ध केली. क्रुप कंपनीचे तीन कड्यांचे बोधचिन्ह तोफेचे नव्हे, याच धावांचे आहे. ब्रिटनमध्येही पोलादी धावांचे मोठे कारखाने निघाले. भारतातील रेल्वे कंपन्यांचे मुख्य सामान लंडनमार्फत खरेदी होई आणि बोटीने मुंबईला उतरे.

१९/
इथे वसाहतीच्या अर्थकारणातील विसंगती उघड होते. परळचा कामगार चाक कातू शकत होता, धाव चढवू शकत होता, इंजिनाचा सांगाडा सुटा करून पुन्हा उभा करू शकत होता. १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात अख्खे इंजिन तयारही झाले होते. तरी नवी इंजिने मुख्यतः ब्रिटनमधूनच येत राहिली. दुरुस्तीची विद्या इथे वाढू दिली, निर्मितीचा अधिकार मात्र तिथेच राहिला.

२०/
३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. पुढे घाटातही वीज आली. १९२८ पासून मालगाड्यांसाठी ईएफ-१ जातीची ४१ इंजिने आली. पहिली १० स्वित्झर्लंडची, उरलेली इंग्लंडची. त्यांना इथे ‘खेकडा’ म्हणत. इंजिन विजेचे, पण चाकांना जोडदांडे वाफेच्या इंजिनासारखेच! त्यामुळे विजेच्या युगातही जुनी मापे आणि जुना काटकोन कामाला येत राहिला. हे खेकडे साठ वर्षांहून अधिक काळ सेवेत होते.

२१/
मुंबईजवळची सर्वांत विलक्षण चाके मात्र माथेरानची. आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. चढ १:२० पर्यंत आणि वळणे इतकी तीव्र की साधी सहाचाकी इंजिने तिथे अडलीच असती. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंड कोपेल कंपनीच्या चार इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस दिले गेले.

२२/
या पद्धतीत पुढचा आणि मागचा आस दुहेरी असतो. आत एक भरीव आस, जो जोडदांड्यांनी फिरतो. त्याभोवती एक पोकळ आस, ज्यावर चाके बसवलेली. मधोमध गोळ्याच्या सांध्याने दोघे जोडलेले. आतला आस सरळच राहतो, बाहेरचा वळणाप्रमाणे किंचित तिरका होतो. म्हणजे चाके वळतात, पण दांड्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. अशा इंजिनाची चाके बदलणे म्हणजे आसाच्या आतल्या आसाची शस्त्रक्रियाच.

२३/
दुसऱ्या महायुद्धात बोटींचा भरवसा उरला नाही आणि परदेशी मालावर विसंबणे किती महाग पडते, ते कळले. त्या काळात जमशेदपूरला टाटांनी चाके, धावा आणि आस बनवण्यास प्रारंभ केला. १९५० मध्ये चित्तरंजनचा इंजिन-कारखाना सुरू झाला. तरी चाकांची आयात संपली नाही. बेंगळुरूजवळ येलहंका येथे चाके आणि आस बनवणारा रेल्वेचा स्वतःचा कारखाना उभा राहिला तो १९८४ मध्ये, पहिल्या गाडीनंतर तब्बल १३१ वर्षांनी.

२४/
या नव्या काळात चाकही बदलले. गाभा आणि धाव असे दोन भाग जाऊन एकसंध चाक आले. ते झिजले की कातायचे, मर्यादा संपली की अख्खे चाक मोडीत. काम सुरक्षित आणि जलद झाले. पण त्याबरोबर तापवून धाव चढवण्याचे कसब कारखान्यांतून हळूहळू बाहेर पडले. खेड्यांतही तेच घडत होते: बैलगाडीला रबरी टायर आले आणि लोहाराच्या आगटीतील धाव थंडावली.

२५/
चाके चालवणाऱ्यांना ती थांबवण्याचे सामर्थ्यही ठाऊक होते. ४ फेब्रुवारी १९३० रोजी जीआयपी रेल्वेच्या कामगारांचा मोठा संप सुरू झाला. ८ ते २७ मे १९७४ या काळात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे संप झाला आणि हजारोंना अटक झाली. आंदोलनासाठी आपल्याकडे रूढ असलेला शब्द ‘चक्का जाम’. भाषेनेही इंजिन, रूळ, शिट्टी सोडून नेमके चाकच निवडले आहे.

२६/
आता एक जुना प्रश्न. इंजिनाच्या धावा अनेकदा बदलल्या, बॉयलर बदलला, आस बदलले, तर ते ‘मूळ’ इंजिन उरते का? संग्रहालयाला हा प्रश्न टोचतो, कारखान्याला नाही. कारखान्याच्या दृष्टीने न बदललेले इंजिन म्हणजे बंद पडलेले इंजिन. बदलत राहणे हीच त्याच्या जिवंतपणाची खूण. घराण्यातील गाण्याप्रमाणे इथेही टिकते ती रीत. आवाज पिढीगणिक नवा असतो.

२७/
माथेरानच्या त्या चार इंजिनांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक, क्रमांक ७४०, इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड येथे. ‘खेकड्यां’पैकी ‘सर लेस्ली विल्सन’ हेही दिल्लीच्याच संग्रहालयात उभे आहे. रंग लावून लोखंड जपता येते. पण असे इंजिन पुन्हा चालवायचे ठरले, तर पहिला प्रश्न चाकांचा येतो: धाव किती उरली आहे, आणि नवी चढवणारे हात कुठे आहेत?

२८/
परळचा कारखाना वाफेनंतर डिझेल इंजिनांकडे वळला. माथेरानच्या छोट्या डिझेल इंजिनांची मोठी दुरुस्तीही तिथे होत आली. ३ मार्च २०१९ रोजी परळला उपनगरी टर्मिनस सुरू झाले. कारखान्याच्या जागेवर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे टर्मिनस करण्याचा प्रस्तावही पुढे आला आणि कामगारांनी त्याला विरोध केला. शहराला फलाट हवेत, यात शंका नाही. पण गिरण्यांच्या बाबतीत काय झाले, ते याच परिसराने पाहिले आहे.

२९/
गिरण्या गेल्या तेव्हा चिमण्या काही ठिकाणी उरल्या. साच्यावर बसणाऱ्या माणसाचे ज्ञान फारसे कुठे नोंदले गेले नाही. रेल्वेच्या कारखान्यांबाबत तीच चूक टाळणे अजून शक्य आहे. परळ, लोअर परळ आणि माटुंगा येथून निवृत्त झालेले फिटर, टर्नर आजही याच शहरात आणि कोकणातील गावांत आहेत. मापे पुस्तकांत मिळतील. धाव बसताना ती कशी वाजते, हे त्यांच्याकडेच विचारावे लागेल.

३०/
१८५३ च्या त्या तीन इंजिनांपैकी आज एकही उरलेले नाही. मात्र त्या दिवशी सुरू झालेली गाडी कधी कायमची थांबली नाही, कारण दर पिढीत कोणीतरी झिजलेली चाके काढून नवी बसवत राहिले. चाक्या म्हसोबाला नारळ फोडणारे एका दिवसाचे होते. त्याची चाके बदलणारे आधी भायखळ्याला आणि मग परळला पिढ्यान्‌पिढ्या कामावर येत राहिले. रेल्वेच्या इतिहासात त्यांचे पान पहिल्या प्रवासाइतक्याच जवळ हवे.

#मुंबईचा_इतिहास #परळ #गिरणगाव #रेल्वे